डेअरीच्या कॉम्प्युटरची किल्ली

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आई होती तेव्हा तिच्याजवळ बोलायला कितीदा तरी तोंड उघडलं — आणि दुसरंच काहीतरी बोलून गेले. आता ती नाही. मुलं मोठी झाली, त्यांना मी सरळ बाई वाटते. गावातही तसंच म्हणतात. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे कदाचित बोलता येईल. नक्की नाही. बघते.

गोष्ट तशी लहान आहे, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. एका कॉम्प्युटरची, एका लायसन्सची. कुणाचा जीव गेला नाही त्यात. पोलीस आले नाहीत. मग एवढं काय? — तेच सांगायचंय, आणि तेच जिभेवर येत नाही.

माझं सासर वडवणीजवळ. गावात सहकारी दूध संस्था होती, सगळे तिला डेअरीच म्हणायचे. दूध घालणारा प्रत्येक जण सभासद. चेअरमन माझ्या नवऱ्याचे सख्खे चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणतो. सचिव म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते, भला माणूस, पण विसराळू. आणि कॉम्प्युटरवर आम्ही दोघी — मी आणि मंगल.

मंगलचं माहेर धर्मापुरीचं. सासर आमच्याच गावात, पण ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. त्यांची मेंढरं होती, जोडीला म्हशी. लग्नानंतर आम्ही दोघींनी वडवणीला एकत्रच कॉम्प्युटरचा क्लास केला होता. जीपमध्ये मागच्या बाजूला गुडघ्याला गुडघा लावून बसायचो. ती तिच्या डब्यातला ठेचा माझ्या भाकरीवर घालायची आणि मला तिखट लागलं की हसायची. डेअरीत जागा निघाली तेव्हा आबांनी मला घेतलं. मंगलला घ्या असं मीच म्हणाले होते. हे मुद्दाम सांगतेय, कारण माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं या गोष्टीत एवढंच आहे.

काम सोपं. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट लावायची, आकडा कॉम्प्युटरवर घ्यायचा, पावती हातात द्यायची. दुधासाठी एक सॉफ्टवेअर होतं, हिशेबासाठी वेगळं, मराठी टायपिंगचं वेगळं. प्रत्येकाचं लायसन्स. त्याची एक लांबलचक की असते — इंग्रजी अक्षरं आणि आकडे एकमेकांत मिसळलेले. आमचे सचिव तिला किल्लीच म्हणायचे. वर्षाची मुदत संपली की कंपनी नवी की देते. कोणत्या नावावर नोंदणी केली, मोबाईल कुणाचा दिला, मुदत कधी संपते, हे कुणीतरी ध्यानात ठेवावं लागतं. नाही ठेवलं तर एखाद्या सकाळी बाहेर किटल्यांची रांग उभी असते आणि आत सॉफ्टवेअर उघडत नाही.

हे काम मंगलनं आपणहून अंगावर घेतलं होतं. सीडीच्या पाकिटावर ती मार्करने की लिहायची. नवी आली की जुनीवर आडवी रेघ. पाकिटं कपाटाच्या वरच्या फळीवर, ओळीने. मला त्या कामाचा कंटाळा होता. तिला गंमत वाटायची. म्हणायची, घराच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला, पण डेअरीच्या माझ्याकडं.

मग दुष्काळ आला. तो काही एका दिवसात येत नाही, तुम्हाला माहीत असेल. आधी ओढा आटला, मग आमची विहीर, मग टँकर कधी येणार हाच गावात एक विषय. वैरण संपत आली तशा किटल्या हलक्या होत गेल्या. जे भरून आणायचे ते अर्धी आणायला लागले. काही जण यायचेच बंद झाले. डेअरीचं कसं चालायचं?

एका दुपारी आबांच्या घरी संचालक बसले होते. मी चहा घेऊन गेले. डोक्यावर पदर, नजर खाली. बायका चहा देतात तेव्हा पुरुष बोलायचे थांबत नाहीत. आता दोघी परवडत नाहीत, एकच ठेवू, असं बोलणं चाललं होतं. कुणाला ठेवायचं? त्यावर एक संचालक म्हणाले की मंगल कामाला बरी आहे, वस्तीवरची माणसंही तिच्यामुळे दूध दुसरीकडे नेत नाहीत. आबांनी बशीत चहा ओतला. मी कपबशा उचलल्या आणि आत आले.

मला त्या नोकरीची गरज होती का? — लोक हे विचारतील, म्हणून सांगते. मंगलला जेवढी होती तेवढी नव्हती. आमच्या घरी शेती, नवऱ्याचं दुकान. मला घराबाहेर पडायचं ते एवढंच कारण होतं. सकाळी साडी बदलून, केस विंचरून मी दारातून बाहेर पडायची, आणि लोक मला ‘मॅडम’ म्हणायचे. ते मला सोडवेना. एवढंच. याहून मोठं काही नव्हतं.

त्याच सुमारास दुधाच्या सॉफ्टवेअरची मुदत संपत आली. कंपनीचा कागद आला. सचिवांनी तो आमच्या दोघींच्या टेबलावर ठेवला, कुणाकडे न बघता म्हणाले, ‘हे बघून घ्या गं पोरींनो,’ आणि गेले. मंगल त्या दिवशी आली नव्हती, तिच्या मुलाला ताप होता. मी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, नोंदणी आधीच्याच नावावर ठेवू का? आधी संस्थेचं नाव होतं आणि सचिवांचा मोबाईल.

इथे मी अडखळते. कारण इथे मला माझ्या बाजूने बोलता येतं — सचिवांचा मोबाईल सारखा बंद असायचा, हे खरं आहे. कुणीही म्हणालं असतं, माझा नंबर घ्या. पण मी त्यासाठी नाही दिला. माझ्या मनात ते स्पष्ट होतं. मी माझं नाव सांगितलं, माझा मोबाईल सांगितला. नवी की माझ्या मोबाईलवर मेसेजने आली. ती मी कॉम्प्युटरवर घातली, सॉफ्टवेअर पुढच्या वर्षासाठी चालू झालं. आणि कपाटातलं पाकीट मी काढलं नाही. त्यावर जुनीच की राहिली, मंगलच्या अक्षरात.

आता पुढच्या मुदतीला मी नसले तर हे उघडणार नाही. असं काही मी मोठ्याने म्हणाले नाही. पण त्या दिवशी घरी जाताना मला हलकं वाटत होतं, ते आठवतंय.

मंगल परत आली. मुदत उलटून गेली तरी सॉफ्टवेअर चालतंय म्हटल्यावर तिला वाटलं सचिवांनी फोनवर जुन्याच कीची मुदत वाढवून घेतली असेल. तिने तसं मला बोलूनही दाखवलं. मी हं म्हणाले. सचिवांना वाटत होतं, मंगलने केलं. पैसे भरायच्या कागदावर त्यांनी बाकीच्या कागदांबरोबर सही केली होती, वाचली नव्हती.

इथपर्यंत गोष्ट राहिली असती तर? मी कधीतरी ती की पाकिटावर लिहून टाकली असती का? मला वाटतं, नसती लिहिली.

उन्हाळ्यात विजेचा फार खेळ चालायचा. एका सकाळी लाइट गेली, आली, पुन्हा गेली आणि कॉम्प्युटर बंद पडला. बीडहून दुरुस्तीवाला आला. हार्डडिस्क जळाली म्हणाला. नवी टाकली. जुना सगळा डेटा पेनड्राइव्हवर होता, तो मंगल नियमाने घ्यायची. म्हणजे काही गेलं नव्हतं. फक्त सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं, की घालायची, आणि मागचं सगळं दूध, प्रत्येकाच्या नावापुढे, जसंच्या तसं दिसणार.

त्या वेळी ते दिसणं फार गरजेचं झालं होतं. तालुक्याहून संस्थेला सवलतीत पेंड आणि चारा मिळणार होता. आणि ठराव असा झालेला की ज्याने मागच्या वर्षात जितकं दूध घातलं, तितक्या मानाने त्याला वाटा. सगळ्यांना मान्य होतं. वस्तीवरच्या लोकांना तर फारच, कारण गावात त्यांचं ऐकतं कोण — पण दूध त्यांनी घातलं होतं, आणि ते कॉम्प्युटरमध्ये होतं.

मंगलने कपाट उघडलं. पाकीट काढलं, सीडी घातली. दाराशी माणसं उभी होती, खिडकीतून बघत होती. ती एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप करत होती, मी तिच्या पाठीमागे उभी. शेवटचं अक्षर झालं, तिने बटण दाबलं आणि की चुकीची आहे असं आलं. तिने पुन्हा टाइप केली. मग शून्याच्या जागी ओ घालून बघितला. पुन्हा. तिच्या मानेवर घाम आला होता, तो मला दिसत होता. माझा मोबाईल माझ्या कमरेला, छोट्या पिशवीत होता. मेसेज त्यात होता.

तेव्हा बोलले असते तरी चाललं असतं. अगं, मी केलं होतं रिन्यू, सांगायचं राहिलं. कुणाला काही वाटलं नसतं. लोक हसले असते. एवढंसं वाक्य. ते का नाही आलं तोंडातून? मी पुष्कळ विचार केलाय यावर. मला वाटतं, तिचं काहीतरी चुकतंय, सगळ्यांसमोर चुकतंय, हे मला बघायचं होतं. हो. बघायचं होतं.

तिने कंपनीला फोन लावला. तिकडून सांगितलं की ही की जुनी आहे, नवी दिलेली आहे, ज्यांची नोंदणी आहे त्यांच्या मोबाईलवर गेली. मंगल म्हणाली, कुणाची नोंदणी हाय? तो म्हणाला, ते आम्हाला सांगता येत नाही, त्यांनीच फोन करायला हवा, नाहीतर संस्थेच्या लेटरहेडवर चेअरमनच्या सहीने अर्ज पाठवा. तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

‘तू केलतंस का गं रिन्यू?’

‘न्हाई,’ मी म्हणाले.

तिने लगेच मान हलवली. तिला दुसऱ्यांदा विचारावंसंही वाटलं नाही.

मंगलने सचिवांनाही विचारलं, तेही नाही म्हणाले. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलं, हा काय घोळ आहे. मी म्हणाले, ‘भाऊ, लायसन्सचं सगळं मंगलच बघायची.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी पुढे काहीच बोलले नाही, फक्त खाली बघितलं. ते खाली बघणं — ते मी मुद्दाम केलं.

दोनच दिवसांत गावभर झालं. एकच बाई ठेवणार हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. त्यामुळे जुळवायला वेळ लागला नाही. मंगलला कळलं आपल्याला काढणार, म्हणून तिनं किल्ली लपवली. आता अडवून बसलीय. पारावर, पिठाच्या गिरणीवर, टँकरच्या रांगेत. ते लोकांना किती सहज पटलं, हे मला तेव्हाही दिसत होतं. माझ्याबद्दल कुणाच्या मनातही आलं नाही. मी आबांच्या घरची सून. ती वस्तीवरची. वस्तीवरच्या बाईला एवढं डोकं चालवता येतं यावर ज्यांचा एरवी विश्वास नव्हता, त्यांचा सुद्धा यावर लगेच बसला.

मंगलने हात टेकले नाहीत. तिने लोकांना सांगितलं, पावत्या आणा, मी हातानं बेरजा मारते. थोड्यांनी आणल्या. पण त्या पावत्यांची शाई उन्हाने उडालेली. बहुतेकांनी त्या चूल पेटवायला केव्हाच वापरल्या होत्या. मग ती म्हणाली, लेटरहेडवर अर्ज पाठवू. सचिवांनी अर्ज लिहिला, आबांनी सही केली, आणि कुरिअरने टाक म्हणून तो माझ्याकडे दिला. मंगलकडे दिला नाही — आता तिच्यावर भरवसा नव्हता ना.

तो अर्ज कंपनीला मिळाला असता तर नोंदणीचं नाव उघड झालं असतं. मी तो घरी नेला आणि चुलीत घातला. सासूबाई शेजारी भाकरी थापत होत्या. त्यांनी विचारलंही नाही, कसला कागद.

आतापर्यंत मी गप्प बसले होते एवढंच, असं मला म्हणता आलं असतं. त्या कागदानंतर ते म्हणता येत नाही.

पेंडीचा ट्रक आला. थांबायला कुणी तयार नव्हतं, जनावरं हंबरत होती. संचालकांनी तोंडी अंदाजाने वाटप केलं. अंदाज म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. जो पुढे उभा, ज्याचा आवाज मोठा, त्याचं दूध जास्त होतं. आबांच्या अंगणात पोती लागली. आमच्याही. मी ती पोती रोज बघत होते. आमच्या म्हशीसमोर पेंड भिजवून मीच ठेवत होते, माझ्या हाताने.

वस्तीला शेवटी उरलं ते गेलं. मंगलच्या सासऱ्यांनी, सोपानबाबांनी, थोडे दिवस कडब्याच्या शोधात गावं पालथी घातली. मग वडवणीच्या बाजारात म्हशी विकल्या. त्यातली एक मंगलने माहेरहून वासरू असताना आणली होती. धर्मापुरीहून टेम्पोत स्वतःच्या मांडीवर तिचं डोकं घेऊन ती आली होती, हे तिने मला क्लासला जाताना सांगितलं होतं. ती म्हैस विकली त्या दिवशी मंगल कामावर आली. सीडी काढली, आणि पुन्हा तीच की एकेक अक्षर टाइप करून बघितली.

त्यानंतर आठवड्याभरात तिला कमी केलं. काढलं असं कुणी म्हटलं नाही, दुष्काळामुळे कमी केलं म्हणाले. तिने कपाटाची चावी माझ्या हातात दिली. म्हणाली, ‘सापडली तर मला सांगशील ना? मला लई घोर लागून राहिलाय.’

मी हो म्हणाले.

मग मी थोडे दिवस जाऊ दिले. आणि एका सकाळी सगळ्यांसमोर मोबाईल घेऊन डेअरीच्या मागे कडुनिंबाखाली गेले. कुणालाही फोन लावला नाही. कानाला लावून उभी राहिले, ओठ हलवत राहिले. परत आले आणि म्हणाले, कंपनीवाल्यांना फार विनवण्या केल्या, शेवटी दिली त्यांनी. बसले, की टाइप केली. सॉफ्टवेअर उघडलं. दाराशी उभ्या माणसांच्या तोंडून हुश्श निघालं. सचिवांच्या डोळ्यांत पाणी आलं.

संस्थेच्या वार्षिक सभेत त्याबद्दल माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. आबा बोलले, एकीने डेअरी बुडवायला घेतली होती, आपल्या सुनेने वाचवली. टाळ्या वाजल्या. मी स्टेजवर उभी होते. तिथे उभं राहून मला काय वाटत होतं? लाज वाटत होती असं म्हटलं तर शोभून दिसेल. खरं सांगते — मला त्या क्षणी बरं वाटत होतं. शाल नवी होती, तिला दुकानातला वास होता. लाज नंतर आली. सभा संपल्यावर.

सोपानबाबा मागे थांबले होते. फेटा हातात, पायात वहाणा नाहीत, त्या त्यांनी ऑफिसच्या दाराशी काढल्या होत्या. म्हणाले, पोरी, आता उघडलंय तर आमचं दूध किती दिसतंय, तेवढं बघ. मी बघितलं. गावात सगळ्यात जास्त दूध घालणाऱ्यांत त्यांचं नाव होतं. आकडा वाचून दाखवला. त्यांनी तो परत वाचायला लावला. मग हळू आवाजात म्हणाले, म्हणजे आमाला पेंड पुरली असती. मी मान हलवली.

ते जायला निघाले. दाराशी थांबले.

‘सून आमची वाईट न्हाई, पोरी. तू तर तिच्यासंगं बसायचीस. तिनं आसं कावून केलं आसंल?’

त्यांना राग नव्हता. त्यांना खरोखर कळत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या सुनेने त्यांच्या म्हशी घालवल्या असं ते धरून चालले होते, आणि तिच्या बाजूचं काहीतरी ते शोधत होते. मला विचारून.

मी म्हणाले, ‘काय माहीत, बाबा.’

ते गेले. मी कॉम्प्युटर बंद केला. सॉफ्टवेअर बंद होताना त्याच्या खिडकीत खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नोंदणीचं नाव येतं — माझं नाव होतं. रोज येत होतं. कुणीही वाचू शकलं असतं. कुणी वाचलं नाही.

मंगलच्या घरात त्यानंतर काय झालं, ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. नवऱ्याने मारलं नाही, पण बोलणं टाकलं. सासू म्हणायची, शिकवली म्हणून हे झालं. पुढच्या उन्हाळ्याआधीच ती नवरा-मुलाबरोबर मेंढरं घेऊन माजलगावकडे गेली. धरणाच्या बाजूला पाणी असतं, चारा मिळतो. ती परत वस्तीवर राहायला आली नाही. सोपानबाबा वारले तेव्हा आली होती म्हणतात, एका दिवसासाठी. मी त्या दिवशी घराबाहेर पडले नाही.

मी डेअरीत पुढेही बरीच वर्षं होते. दर वर्षी मुदत संपायची, दर वर्षी मी नवी की घ्यायची. पुढे नोंदणी संस्थेच्या नावावर करून टाकली. आता काय बिघडणार होतं?

मंगल मला एकदाच भेटली. मागच्या हिवाळ्यात. नणंदेकडे माजलगावला गेले होते, परतीच्या गाडीसाठी स्टँडवर उभी होते. कुणीतरी मागून हाक मारली. केस पांढरे झालेले, हातात पिशवी, पण हसू तेच. मी ओळखलं नाही असं दाखवायच्या आत तिने माझा हात धरला. शेजारी बाकावर बसवलं. मुलगा आयटीआय झाला, कारखान्यावर लागला, मेंढरं आता थोडीच ठेवली, असं सगळं सांगत राहिली. माझ्या मुलांचं विचारलं, नावांनी विचारलं. मी म्हटलं, तू पुन्हा कुठे कॉम्प्युटरवर काम नाही केलंस का? — का विचारलं मी हे? काही सुचलं नाही म्हणून विचारलं.

ती पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळत म्हणाली, ‘न्हाई गं. हात लावायचं भ्या वाटतं. मी लई विचार केला त्याच्यावर. दुसऱ्या कुणी केलं न्हाई म्हंजी मीच केलं आसणार. पोराला ताप होता बघ त्या टायमाला, डोकं ठिकाणावर नव्हतं. मीच नवी किल्ली घेतली आसंल कुणाच्या तरी नंबरावर, आन् इसरले. मामंजींच्या म्हशी गेल्या माझ्यापायी. तुला बी किती तरास झाला. माझ्यावर राग न्हाई ना धरलास?’

इतकी वर्षं मला वाटायचं, तिला माझा संशय आला असेल. कधीतरी आला असेलच. मनातल्या मनात ती मला शिव्या देत असेल, आणि त्या मला मिळायलाच हव्यात, असं म्हणून मी थोडी मोकळी व्हायचे. तसं काही नव्हतं. तिने माझ्यावर कधी संशय घेतलाच नव्हता. आमच्या दोघींत ती कुणावर विश्वास ठेवणार, तर माझ्यावर — म्हणून तिने स्वतःवरचा काढून घेतला होता.

स्टँडवर गर्दी होती. कुणाचं लक्ष नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. आबा वारले होते, सचिव वारले होते, सोपानबाबा नव्हते. डेअरीसुद्धा बंद पडली होती. सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं?

मी तिच्या हातावर हात ठेवला. म्हणाले, ‘जाऊ दे गं, मंगल. मी कधीच मनात ठेवलं नाही.’

तिने पदराने डोळे पुसले. बरं वाटलं म्हणाली. माझी गाडी लागली तशी लगबगीने उठली, पिशवीतून वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली बोरं काढली आणि पोरांना दे म्हणत माझ्या हातात कोंबली. मी ती घेतली.